पाचव्या टप्प्याचं पाणी

९ फेब्रुवारी, कोल्हापूर

राजमती म्हणाली, "दिवसभर माझ्या मागं बोलत फिरण्यापेक्षा वहीत लिहा की जरा." म्हणून ही वही. दुकान मुलाच्या, अभिनंदनच्या हवाली करून दोन महिने झाले. पंपाच्या दुकानात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला घरी बसवलं की तो स्वयंपाकघरातले डबे नीट लावायला लागतो, आणि बायकोला ते खपत नाही. तिचं बरोबर असेलही, पण हळद आणि हिंग एका फळीवर ठेवणं मला अजून पटलेलं नाही.

जेवताना आदितीने विषय काढला. पुण्यातली नोकरी सोडून लेक घरी आली तेव्हापासून तिला आणि तिच्या मैत्रिणीला, मोनाला, एकच वेड लागलंय. पन्हाळ्यापासून गगनबावड्यापर्यंत डोंगरमाथ्याने सहा दिवस चालायचं आणि हौशी लोकांना चालवायचं. पावसाळ्यात विशाळगडापर्यंत चालणारे ढीगभर आहेत. पण उन्हाळ्याच्या तोंडाला तिकडे कुणी फिरकत नाही, कारण पाणी नसतं. या दोघी नेमक्या तेव्हाच नेणार. वीस जणांनी नावं दिलीत, १८ मार्चला निघायचं ठरलंय. प्रत्येक टप्प्यावर एक तरी खात्रीचं पाणी सापडलं तर हे जमेल. एका टप्प्यावर जरी नसलं तरी सगळं मुसळ केरात. तसं झालं तर एक एप्रिलला परत पुण्याला नोकरीवर जाईन, असा शब्द तिने आईला दिलाय.

"आप्पा, पाणी तुमच्याएवढं कुणाला कळतंय? चला की बघायला."

ते खरंच आहे. तरी भाव खायचा म्हणून विचार करतो म्हणालो आणि आत गेलो. तर राजमतीने माझी पिशवी भरून ठेवलेली. बूटसुद्धा नवे, माझ्या मापाचे. मला विचारायच्या आधीच आणून ठेवलेले दिसतात. ही बाई किती पुढचा विचार करते!

१३ फेब्रुवारी, शाहूवाडी तालुका

तीन टप्पे झाले, तिन्हीवर पाणी आहे. पहिल्याला देवळामागची विहीर, दुसऱ्याला ओढ्यातला डोह, आणि तिसऱ्याला झाडाच्या मुळातून येणारा असा गार झरा की प्यायल्यावर मी नकळत हात जोडले. पाय बोलतात, गुडघे बोलतात, पण भूक कडकडून लागते. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणजे पोरींची तारांबळ होते. तरी दोघी माझ्यासाठी स्टोव्ह पेटवतात. बरं वाटतं.

मी पाणी गाळायला बसलो की मोना समोर येऊन बसते. जैनाच्या घरात पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत हे तिला माहीत होतं. पण फडक्यात अडकलेले बारीक जीव, ज्यांना आम्ही जिवाणी म्हणतो, ते परत पाण्यात सोडायचे असतात हे नव्हतं. फडकं उलटं धरायचं, वरून गाळलेलं पाणी ओतायचं आणि जिथलं पाणी तिथंच ते जीव पोचवायचे. विहिरीतले विहिरीत, ओढ्यातले ओढ्यात.

"काका, दुसऱ्या ओढ्यात सोडले तर काय होतंय?"

"तुला उचलून सोलापुरात सोडलं तर काय होईल?"

ती इतकी हसली की स्टोव्हवरचं दूध उतू गेलं.

१९ फेब्रुवारी

चौथा टप्पाही पार पडला. पाचव्याने मात्र दगा दिला. सकाळपासून तीन ओढे बघितले, तिन्हींत नुसते गोटे. नकाशावर जिथे निळी रेघ आहे तिथे करवंदीच्या जाळ्या आहेत. गाडीरस्ता इथून पार खाली राहिला. वीस माणसांचं दिवसभराचं पाणी पाठीवर आणायचं म्हणजे खेचरं लागतील.

आदिती एका दगडावर बसून राहिली. लहानपणी गणिताचा पेपर अवघड गेला की अशीच बसायची. मी म्हणालो, "अजून आपण सगळं कुठं बघितलंय?" तर म्हणाली, "आप्पा, राहू दे. एक तारखेचं तिकीट काढून ठेवते." पोरगी पुण्याला गेली की घरात पुन्हा मी आणि डबे.

ठरलं असं की उद्या त्या दोघी सहावा टप्पा बघायला पुढे जाणार आणि मी इथेच धनगरवाड्याच्या बाजूचा डोंगर धुंडाळणार. वाडा म्हणजे कौलारू सात घरं. तिथले म्हातारे, सगळे त्यांना आण्णा म्हणतात, मला त्यांच्या ओसरीवर झोपायला देणार आहेत.

२० फेब्रुवारी, धनगरवाडा

सापडलं! वाड्याच्या वर, जांभळाच्या झाडाखाली, खडकातच कोरलेली एक लांब डोण आहे, जनावरांना पाणी प्यायला असते तशी. काठोकाठ भरलेली. मागच्या कातळाला भेग आहे आणि भेगेत हिरवं शेवाळ. म्हणजे आतून पाझर आहे. फेब्रुवारी सरत आला, सगळे ओढे कोरडे, आणि इथे पाणी! मी अक्षरशः नाचलो. कुणी बघत नव्हतं म्हणून बरं.

चार दिवसांत आंघोळ नव्हती. पाच-सहा तांबे डोक्यावर घेतले, बनियन धुतला, मोजे धुतले. जीव कसा सुखावला. तेवढ्यात खालच्या बाजूने तीन बायका डोक्यावर घागरी घेऊन आल्या आणि मला बघून थांबल्या. मी मोठ्या मनाने म्हणालो, "या की, लाजू नका. भरपूर पाणी आहे. घ्या भरून."

पुढची बाई आण्णांची सून, अंबूबाई. ती म्हणाली, "झाली का आंगूळ पावणं?"

"झक्कास झाली."

"बरं झालं," म्हणाली. बाकीच्या दोघी पदर तोंडाला लावून उभ्या. घागरी तर भरलेल्याच होत्या. इतकं पाणी दाराशी असताना या बायका आणखी कुठून पाणी आणतात कोण जाणे. सवय, दुसरं काय.

पण नुसतं पाणी दिसलं म्हणून भागत नाही. झऱ्याचा जोर कळायचा तर डोण पूर्ण उपसायची आणि किती वेळात भरते ते बघायचं. विहिरीवर पंप बसवण्याआधी आम्ही हेच करतो. अंबूबाईकडे बादली मागितली. देताना ती जरा घुटमळली.

"समदं उपसणार?"

"सगळं. तळ दिसेपर्यंत."

तिने आण्णांकडे बघितलं. आण्णा म्हणाले, "पावण्यांचा काय नेम असंल. दे की." भली माणसं. मी दिवस मावळायच्या आत डोण कोरडी केली. पाणी वाया घालवलं नाही, जांभळाला घातलं.

२१ फेब्रुवारी

काठोकाठ! उजाडल्यावर जाऊन बघतो तर डोण काठोकाठ भरलेली. एका रात्रीत! असा झरा मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. झोप इतकी गाढ लागली होती की कोंबडा आरवलेलाही कळला नाही, नाहीतर भरताना बघायला गेलो असतो.

बायका मात्र माझ्या आधी उठलेल्या. अंबूबाई ओसरीच्या कडेला टेकून बसली होती, लुगड्याचे काठ ओले. दंव फार पडतं इथे. मला ताक दिलं. मी तिला म्हणालो, "बाई, तुमच्या वाड्यावर देवाची कृपा आहे." ती म्हणाली, "हाय की."

रेंज मिळते त्या टेकाडावर जाऊन आदितीला फोन केला. "बारमाही पाणी! मी स्वतः उपसून बघितलंय." ती म्हणाली, "आप्पा, तुम्ही माझं काम वाचवलंत." तिला सर्दी झालेली दिसते, सारखं नाक ओढत होती.

२६ फेब्रुवारी, कोल्हापूर

नकाशा छापून आला. पाचव्या टप्प्यावर निळा थेंब, सगळ्यांत मोठा. खाली लिहिलंय, 'खात्रीचे पाणी.' सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेलो तेव्हा खिशात घेऊन गेलो होतो. निदान सात-आठ जणांना तरी दाखवला असेल. राजमती म्हणाली, आता देवाला तेवढा दाखवायचा राहिलाय.

८ मार्च, धनगरवाडा

काय लिहू आणि कुठून सुरू करू कळत नाही. मनाची लाज वाटते, पण वहीत तरी खरं लिहावं.

ऊन वाढलं म्हणून डोणीची पातळी बघायला एकटाच आलो. डोण भरलेली. आनंदाने पाणी गाळायला बसलो. फडकं उचललं तर त्यात करंगळीच्या नखाएवढं माशाचं पिल्लू, तडफडणारं. पटकन तांब्यात सोडलं. जिवाणी जिथली तिथं सोडायची म्हणून तांब्या डोणीवर धरला, आणि हात थांबला.

कातळाच्या भेगेतून मासा कसा येईल?

भेगेला हात लावून बघितला. कोरडी ठणठणीत. शेवाळ वाळून तपकिरी झालेलं. वरून भुकटी पडली बोटांवर. तरी मन मानेना. खाली अंबूबाई घागर घेऊन वर येत होती. आली आणि माझ्यादेखत घागर डोणीत ओतली.

मी विचारलं, "हे पाणी कुठलं?"

"खालच्या झऱ्याचं."

"आणि या डोणीचं स्वतःचं?"

"हिचं? हिचं सक्रांतीला संपतंय की. म्होरं आमीच भरतो पाऊस लागूस्तवर. सात घरं हाईत, वाराला एक. आज शनवार, माझी पाळी."

"कुणासाठी?"

"जनावरं दमून येत्यात. पाखरं येत्यात. वाटंचं कोण येतंय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी आलासा."

त्या दिवशी मी अंगावर घेतलेले तांबे आठवले. बनियन आठवला. मोजे आठवले. घागर डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या बायकांना 'घ्या भरून' म्हणणारं माझं तोंड आठवलं.

"मी डोण उपसली त्या रात्री..."

"पाटं उटून समद्या घरांनी भरली. जनावरं सकाळी सुटायच्या आत भराय लागतीया न्हवं."

"मला अडवलं का नाही?"

तिला प्रश्नच कळला नाही. "पावण्याला पाण्याला न्हाय म्हणायचं व्हय? आन आमाला वाटलं, तुमी फडक्यानं गाळतासा, पुन्यांदा वततासा, तर तुमच्यात शिळं पाणी चालत नसंल. म्हणून ताजं भरून ठिवलं."

म्हणजे माझा नेम मोडू नये म्हणून सात घरच्या बायका पहाटे उठून डोंगर चढल्या, आणि मी ओसरीवर घोरत होतो.

तांब्यात पिल्लू फिरत होतं. ते इथलं नव्हतं, त्याला त्याच्या पाण्यात सोडायला हवं होतं. मी म्हणालो, "झऱ्यावर मला न्या." उतार असा की गुडघ्यांना आई-बाप आठवले. दाट झाडीत करंगळीएवढी धार, खाली छोटा डोह. पिल्लाला सोडलं, ते दगडाआड गेलं. परत येताना मी अंबूबाईची एक घागर मागितली. तिने अर्धीच भरून दिली. ती खांद्यावर घेऊन वर पोचेपर्यंत मी तीनदा बसलो आणि निम्मं पाणी माझ्या सदऱ्यावर सांडलं. तिची भरलेली घागर मात्र वाटभर हलली नाही.

१० मार्च, कोल्हापूर

आदितीला सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, "तळ दिसेपर्यंत उपसलीत?" आणि मग हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. राजमतीने दोघांनाही पाणी दिलं. त्या भांड्याकडे बघून मला पुन्हा लाज वाटली.

उघड आहे ते उघड आहे. वीस माणसं ती डोण एका तासात संपवतील आणि त्या बायकांना रात्रभर खेपा घालाव्या लागतील. मोना म्हणाली, तुम्ही पंपवाले, झऱ्यावर एक छोटा सोलर पंप बसवा. मी ती धार बघितली आहे. पंप लावला तर डोह एका दमात आटेल, मग वाड्यालाही नाही आणि माशालाही नाही. आयुष्यभर पंप विकले, आज पहिल्यांदा नको म्हणालो.

"मग टप्पा रद्द," आदिती म्हणाली. पण गप्प बसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आधी त्यांना जाऊन भेटूया. माफी तरी मागायला हवी."

१२ मार्च, धनगरवाडा

माफी मागितली तर आण्णा म्हणाले, "पाणी प्यालासा, त्यात गुना काय?" अंबूबाईने ताक आणलं. तेही प्यायलो.

आदितीने सांगितलं ते मलाही नवं होतं. "आमची माणसं वरनं येणार नाहीत, खालच्या झऱ्यावरनं येतील. प्रत्येकजण धारेखाली थांबून आपलं पाणी घेईल आणि डोणीसाठी एक कॅन जास्तीचा वर आणेल. बावीस तारखेला शनिवार आहे. त्या दिवशीची पाळी आम्हाला द्या."

आण्णांनी विचारलं, "शेरातली माणसं पाणी वाहणार?"

"वाहतील."

"पाळी घेतली की मोडायची न्हाय, पोरी. आमच्यात मर्तिक झालं तर शेजारचं घर भरतंय, पण डोण रिकामी ऱ्हात न्हाय."

"मोडणार नाही."

ती हे बोलली तेव्हा तिच्या आवाजात जरासुद्धा शंका नव्हती. ती शंका माझ्याकडे आहे, म्हणून इथे लिहितो. पैसे भरून आलेली माणसं चढावर दुसऱ्यासाठी पाणी वाहतील? मी तरी वाहिलं असतं का?

१६ मार्च

आदितीने सगळ्यांना खरं ते कळवलं. थेंबाखालची 'खात्रीचे पाणी' ही ओळ खोडून तिथे 'हे पाणी माणसं भरतात' असं लिहिलं. तीन जणांनी नावं काढून घेतली. एक गृहस्थ म्हणाले, सुट्टी घेऊन हमाली करायची का? सतरा उरले. पोरगी रात्री जेवली नाही नीट. राजमतीने तिच्या केसांना तेल लावून दिलं. पुण्याच्या शब्दाची आठवण काही करून दिली नाही.

२२ मार्च, शनिवार, धनगरवाड्याच्या पुढे

मुक्कामावर संध्याकाळच्या उजेडात लिहितोय, पाय सुजलेत. सगळं लिहायलाच हवं.

झऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन रणरणत होतं. आदितीने कॅन वाटले. साताऱ्याच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी दोन घेतले. एक तरुण पहिल्या वळणालाच म्हणाला, "यापेक्षा जिम बरी." पण कॅन ठेवला कुणी नाही. मीही एक घेतला, छोटा. वाटेत आदिती दोनदा माझ्याकडून तो घ्यायला आली. मी दिला नाही. सांडलाही नाही.

धापा टाकत जांभळाखाली आलो तर डोण काठोकाठ भरलेली. शेजारी अंबूबाई उभी, लुगड्याचे काठ ओले.

आदिती म्हणाली, "मावशी, आज आमची पाळी होती!"

"व्हय की. पर पावणं येणार, आन डोण रिकामी ठिवायची? बरं दिसतंय व्हय ते?"

सतरा माणसं भरलेले कॅन घेऊन उभी, आणि पाणी ओतायला जागा नाही. तो जिमवाला तरुण हसायला लागला. मग सगळेच हसले. अंबूबाईसुद्धा.

हसली नाही ती आदिती. ती कॅन उचलून सरळ अंबूबाईच्या घराकडे चालू लागली. दारात थांबून म्हणाली, "मावशी, हंडा कुठं हाय?"

"अगं, पावण्याचं पाणी घरात घेत्यात व्हय?"

"आज पावणी नव्हं. पाळीची हाय."

ही भाषा ती कधी शिकली कुणास ठाऊक. अंबूबाईने माझ्याकडे बघितलं, मी आण्णांकडे बघितलं. आण्णांनी मान हलवली. तिने हंड्यावरचं झाकण काढलं. हंड्यात तळाला चार बोटं पाणी होतं. आपल्या पाळीच्या दिवशी डोण भरायची म्हणजे घरचा हंडा मागे राहतो, हे मला तेव्हा समजलं. सतरा जण सात घरांत पांगले. डॉक्टरीणबाईंनी एका म्हातारीच्या न्हाणीतलं घंगाळ भरून दिलं. पाणी ओतल्याचा आवाज घराघरांतून येत होता आणि बाया दारात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या.

मला फार भरून आलं. या वयात डोंगर चढता येतोय, लेक बरोबर आहे, आणि ज्यांचं पाणी मी मातीत घातलं ती माणसं मला ओसरीवर घोंगडी अंथरून देतात. कुणाचे आभार मानायचे राहिले असतील तर ते इथे मानतो.

निघताना आदितीने अंबूबाईला सांगितलं, "पाऊस लागेपर्यंत शनिवार आमचा. दर शनिवारी."

मी चमकलो. पुढची तुकडी ठरलेली नाही. तीन नावं गळाली तेव्हाच पुण्याचं तिकीट काढलेलं आहे. पण ती माझ्याकडे न बघता पाठपिशवीचे पट्टे आवळत होती. तिच्या आईला हे सांगायचं काम माझ्याकडे येणार, हे मी ओळखलं, आणि ते मी आनंदाने करणार आहे.

अंबूबाई म्हणाली, "शनवार तुमचा? दर शनवारी? मग मी काय करू?"

रिकामी घागर हातात, तिची नजर खाली दरीकडे गेली.

"लेक दिलीया खाली गावात," ती म्हणाली. "सणाबिगर जायाला मिळत न्हाय. शनवारी तिला कामाची सुट्टी असती." मग एकदम मोठ्याने, आण्णांना ऐकू जाईल असं, "मी शनवारी लेकीकडं जाईन की वो!"

आण्णा म्हणाले, "जा की."

आदिती तोवर वाटेला लागली होती. मी तिला हाक मारली. ती थांबली, आणि मी पोचेपर्यंत थांबूनच राहिली.